बारवेची पायरी आणि नारूचा शोध

ज्या रोगानें माणूस सहसा मरत नाहीं त्या रोगाचा इतिहास कोणी फारसा लिहीत नाहीं. सन १८९६ च्या प्लेगाच्या कथा पुष्कळ घरांतून पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. घरोघर झडती घेणारे गोरे सोजीर, गांवाबाहेर पडलेल्या झोंपड्या, पुण्यांत झालेला रँडसाहेबाचा खून, हें सर्व आपल्या इतिहासांत कायमचें नोंदलें गेलें आहे. पटकी, देवी, हिंवताप यांचीं नांवेंहि वाचकांस अपरिचित नाहींत. परंतु ज्या एका रोगानें शेंकडों वर्षें खेड्यापाड्यांतील कष्टकरी माणसांस ऐन कामाच्या दिवसांत अंथरुणास खिळवून ठेवलें, त्या नारूचें नांव आजच्या तरुण पिढीस ठाऊकहि नसावें. एका अर्थीं ही विस्मृति भाग्याचीच म्हणावयाची. कारण रोग नाहींसा झाला म्हणून त्याचें नांव गेलें. तथापि तो कसा नाहींसा झाला, आणि तो जाण्याचा मार्ग कळून चुकल्यावरहि इतकीं वर्षें कां लागलीं, हा प्रश्न विसरण्याजोगा नाहीं.

हा विचार आमच्या मनांत आला तो हट्टा येथें. हट्टा हें गांव हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यांत आहे. १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा निराळा होण्यापूर्वीं तें परभणी जिल्ह्यांत मोडत असे, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत सगळ्या मराठवाड्याप्रमाणें निजामाच्या राज्यांत. येथें एक जुनी बारव आहे. जुन्या विहिरी पाहण्याची आम्हांस हौस असल्यामुळें एका उन्हाळ्यांत आम्ही तेथें गेलों. ज्या घरीं उतरलों होतों तेथील वृद्ध मातोश्री आमची वही व छायाचित्राची पेटी पाहून हंसल्या व म्हणाल्या, "बारव पहायला आलां होय? पहा हो, चांगली पहा. आम्हांला मात्र बारव म्हटलें कीं नारू आठवतो."

आम्हीं अधिक विचारतां त्या सांगूं लागल्या. "माझ्या माहेरीं अशीच बारव होती. आमच्या थोरल्या काकांना ओळीनें तीन उन्हाळे नारू निघाला. घोट्याशीं फोड यायची, आग आग व्हायची. मग फोड फुटून पांढरा दोरा दिसायचा. तो काडीला गुंडाळायचा आणि रोज बोटभर ओढायचा. घाई करायची नाहीं. तुटला कीं मग पाय सुजून मांडीएवढा व्हायचा. मृग निघून जायचा, लोकांच्या पेरण्या उरकायच्या, आणि काका ओसरीवर पाय लांब करून बसलेले. काकू एकटी शेतावर." इतकें सांगून त्या थोडा वेळ थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "पाण्यांतून येतो हें कुणाला ठाऊक होतें हो तेव्हां?"

त्यांच्या त्या शेवटच्या वाक्यानें आम्हांस बेचैन केलें. कारण नारू पाण्यांतून येतो, आणि तो नेमका कसा येतो, हें त्या मातोश्रींच्या जन्माच्याहि आधीं मुंबईंत सिद्ध झालेलें होतें. आणि तेंहि एका मराठी माणसाच्या हातून.

रोगाचें स्वरूप

नारू हा एक कृमि आहे. त्याची मादी सुमारें दोन ते तीन फूट लांब आणि शेवईएवढी जाड असते. ती माणसाच्या कातडीखालीं वाढते आणि सुमारें वर्षभरानें, बहुधा पायाच्या खालच्या भागांतून, बाहेर पडूं लागते. बाहेर पडण्याच्या जागीं फोड येतो व असह्य आग होते. आग शमावी म्हणून रोगी साहजिकच पाय गार पाण्यांत बुडवितो. कृमीला हेंच हवें असतें. पाण्याचा स्पर्श होतांच मादी लाखों सूक्ष्म पिल्लें पाण्यांत सोडते. तीं पिल्लें स्वतः माणसाच्या शरीरांत शिरूं शकत नाहींत. पाण्यांत सायक्लॉप्स नांवाचा एक बारीक जलकीटक असतो. उजेडांत भांडें धरल्यास तो नुसत्या डोळ्यांनींहि पांढऱ्या ठिपक्यासारखा उड्या मारतांना दिसतो. तो कीटक हीं पिल्लें खातो. त्याच्या पोटांत सुमारें दोन आठवडे राहिल्यावर तीं माणसास बाधण्याजोगीं होतात. तें पाणी माणूस पितो, जठरांतील आम्लानें कीटक मरतो, पिल्लें मोकळीं होऊन आंतड्याच्या भिंतींतून पार जातात, आणि पुढें वर्षभर माणसास कांहींच कळत नाहीं. वर्षानें फोड येतो. पुन्हां पाय पाण्यांत जातो. असें हें चक्र आहे.

हें चक्र ध्यानांत घेतलें म्हणजे आड आणि बारव यांतील भेद एकदम उघड होतो. आडाचें पाणी वरून पोहऱ्यानें काढावयाचें. तेथें माणसाचा पाय पाण्यास लागत नाहीं. बारवेंत मात्र पायऱ्या उतरून थेट पाण्यांत उभें राहून घागर बुडवावयाची. उन्हाळ्यांत पाणी खोल गेलें म्हणजे अधिकच पायऱ्या उतराव्या लागतात, थोड्या पाण्यांत कीटक दाटतात, आणि त्याच सुमारास गेल्या वर्षीं पोटांत गेलेला नारूहि बाहेर पडूं लागतो. ज्या पायऱ्या आपल्या पूर्वजांनीं तहानलेल्यांच्या सोयीसाठीं मोठ्या पुण्यबुद्धीनें बांधल्या, त्याच पायऱ्यांवरून रोग गांवांत चढत असे. पुण्य करणाराचा यांत दोष नाहीं. त्यास तें ठाऊक नव्हतें.

संस्कृत वैद्यकग्रंथांत या रोगास ‘स्नायुक’ असें नांव आहे. कृमि दोऱ्यासारखा किंवा शिरेसारखा दिसतो म्हणून तें पडलें असावें. अरबी वैद्यांसहि तो माहीत होता, आणि मदिनेच्या नांवावरून युरोपीय पंडितांनीं त्याचें शास्त्रीय नांव ठेवलें. काडीस गुंडाळून तो हळूहळू ओढून काढण्याची रीत सर्व देशांत एकच. याहून चांगला उपाय आजहि कोणास सांपडलेला नाहीं. नारूवर लस नाहीं. त्यास मारणारें औषध नाहीं. आणि एकदां होऊन गेला म्हणून पुन्हां होत नाहीं असेंहि नाहीं.

सैन्याच्या मागून आलेलें शास्त्र

इंग्रजी अमदानींत आपल्या देशांत जें वैद्यकीय संशोधन झालें त्याचा एक नियम दिसतो. जेथें पलटण तेथें डॉक्टर, आणि जेथें डॉक्टर तेथें सूक्ष्मदर्शक यंत्र. रोनाल्ड रॉस यांनीं २० ऑगस्ट १८९७ रोजीं डासाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु प्रथम पाहिले तें निजामाच्याच राज्यांत, सिकंदराबादेच्या छावणींत. आणि रॉस हे लष्करी डॉक्टरच होते. त्यांनीं हुसेन खान नांवाच्या एका रोग्यास दर डासाच्या चाव्यास एक आणा देऊन डासांस त्याचें रक्त पाजलें होतें. रॉस यांस १९०२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें; हुसेन खानास आणे मिळाले. आमच्या हिंगोलीसहि हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती आणि ती १९०३ पर्यंत टिकली. तथापि छावणीचें औषध छावणीच्या हद्दींत राही. भोंवतालच्या खेड्यांच्या बारवा जशाच्या तशा राहत.

नारूकडे इंग्रज डॉक्टरांचें लक्ष गेलें तेंहि शिपायांमुळेंच. मुंबई इलाख्यांतील पलटणींत नारूनें लंगडे झालेले शिपाई इस्पितळांत पडून राहत, हें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून डॉक्टरांस सलत होतें. मुंबईंतील एक विद्वान् लष्करी सर्जन हेन्री कार्टर यांनीं १८५० नंतरच्या कांहीं वर्षांत तेथील तळ्यांचें पाणी बारकाईनें तपासलें. एका तळ्यांत पोहणाऱ्या शाळेंतील मुलांपैकीं पुष्कळांस नारू झाल्याचें त्यांस आढळलें, आणि पाण्यांतील सूक्ष्म कृमि अंगाच्या कातडींतून आंत शिरत असावेत असा तर्क त्यांनीं केला. निरीक्षण खरें होतें, तर्क चुकला. पाण्याशीं संबंध होता; पण तो कातडीशीं नसून घशाशीं होता.

पुढची पायरी एका रशियन तरुणानें चढली. अलेक्सी फेडचेंको यांनीं १८७० च्या सुमारास तुर्कस्तानांत नारूचीं पिल्लें सायक्लॉप्सच्या शरीरांत शिरतांना पाहिलीं. हा बुद्धिमान् मनुष्य १८७३ सालीं, वयाची तिशीहि पुरी होण्यापूर्वीं, आल्प्स पर्वतांत माँ ब्लाँच्या चढणीवर मृत्यु पावला. त्यानंतर १९०५ सालीं लंडनच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या विद्यालयानें रॉबर्ट लायपर यांस पश्चिम आफ्रिकेंतील गोल्ड कोस्ट येथें पाठविलें. जठरांत असतें तसल्या सौम्य आम्लांत सायक्लॉप्स मरतो आणि त्याच्या पोटांतील पिल्लें मात्र सतेज होऊन वळवळूं लागतात, असें लायपर यांनीं दाखविलें. पुढें असे कीटक त्यांनीं एका माकडास खाऊं घातले, आणि कांहीं महिन्यांनीं त्याच्या शरीरांत नारू सांपडले. आतां एकच गोष्ट उरली होती: माकडाचें झालें, माणसाचें काय?

परळचे डॉक्टर तर्खड

या प्रश्नाचें उत्तर मुंबईस परळ येथें मिळालें. प्लेगावरील लस शोधून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेणारे हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत आली. १९०६ पासून तिचें नांव बाँबे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी असें झालें. १९२५ सालीं तिला हाफकिन यांचें नांव मिळालें. या प्रयोगशाळेंत डॉ. ज्ञानेश्वर आत्माराम तर्खड हे काम करीत.

तर्खड हें नांव मराठी वाचकांस परकें नाहीं. ज्यांच्या व्याकरणावर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या पोसल्या त्या दादोबा पांडुरंगांचे हे पुतणे. आणि १८६७ सालीं प्रार्थना समाजाची स्थापना करणारे डॉ. आत्माराम पांडुरंग यांचे हे चिरंजीव. आत्माराम पांडुरंग हे ग्रँट मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडलेल्या पहिल्या कांहीं डॉक्टरांपैकीं एक होते. १८८३ सालीं मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाची स्थापना करणाऱ्या आठ गृहस्थांतहि ते होते. रवींद्रनाथ ठाकूर तरुणपणीं विलायतेस जाण्यापूर्वीं ज्या घरीं इंग्रजी शिकण्यासाठीं राहिले आणि जेथील अन्नपूर्णा नामक सुविद्य कन्येनें त्यांस तें शिकविलें, तेंहि हेंच घर. भाषा, धर्मसुधारणा आणि सृष्टिशास्त्र यांचा असा त्रिवेणी संगम ज्या घरांत झाला, तेथून आलेल्या मनुष्यानें खेड्यांतील गरिबांचा रोग अभ्यासास घ्यावा, यांत आम्हांस तरी औचित्य दिसतें.

डॉ. तर्खड यांनीं नारूचीं पिल्लें पोटांत असलेले सायक्लॉप्स स्वेच्छेनें पुढें आलेल्या माणसांस पाण्यांतून पाजले, आणि त्यांच्या शरीरांत नारू उत्पन्न होतो हें दाखविलें. १९१४ सालीं हें प्रसिद्ध झालें. फेडचेंको यांनीं जें अनुमानिलें आणि लायपर यांनीं जें माकडांत पाहिलें, तें माणसाविषयीं निर्विवाद ठरलें. घोटभर पाणी पिऊन वर्षभर वाट पाहत राहणें, आणि त्या घोटाचें फळ काय येणार हें माहीत असणें, यास धैर्य लागतें. ज्या माणसांनीं तो घोट घेतला त्यांचें ऋण आपण डॉक्टरांच्या ऋणाइतकेंच मानलें पाहिजे. त्याच वेळीं हेंहि म्हटलें पाहिजे कीं, आजच्या काळीं असा प्रयोग करावयाचा तर त्यास पुष्कळ बंधनें पाळावीं लागतील, आणि तें योग्यच आहे.

सिद्धांत ठरला तसे उपायहि उघड झाले. पायविहिरीचा आड करावा; पाणी उकळावें; तें जमत नसेल तर दाट कापडांतून गाळून प्यावें, कारण नारूचें पिल्लूं कापडांतून जात असलें तरी ज्या कीटकाच्या पोटांत तें असतें तो कीटक कापडावर अडकतो; आणि नारू निघालेल्या माणसानें पिण्याच्या पाण्यांत पाय घालूं नये. १९३० सालीं डॉ. प्रधान यांनीं विहिरींत चुना टाकून कीटक मारण्याच्या रीतीचे अनुभव प्रसिद्ध केले; म्हैसूर संस्थानांत डॉ. मूर्ति व स्वीट यांनीं कीटक खाणारे मासे विहिरींत सोडून पाहिले व १९३६ सालीं त्याचा वृत्तांत दिला. यांतील एकहि उपाय खर्चाचा नव्हता. तरी १९४७ सालीं स्टोल या अमेरिकन शास्त्रज्ञानें जगांत नारूचे सुमारें ४ कोटि ८० लक्ष रोगी असावेत असा अंदाज केला.

ज्ञान कोठें अडलें?

परळचें ज्ञान मराठवाड्याच्या बारवेपर्यंत पोचावयास सत्तर वर्षें कां लागलीं? यास परकीय सत्ता जबाबदार आहे हें म्हणणें सोपें आहे, आणि तें खोटेंहि नाहीं. प्लेगानें मुंबईचें बंदर बंद पडण्याची भीति होती म्हणून प्लेगावर पैसा आला. हिंवतापानें गोरे सोजीर मरत म्हणून हिंवतापावर बुद्धि खर्च झाली. नारूनें व्यापार थांबत नव्हता. फक्त खेड्यांतल्या कुणब्याची पेरणी थांबत होती. शिवाय इंग्रजी मुलूख आणि निजामी मुलूख यांच्यामध्यें एक सीमा होती, आणि रोग जरी सीमा जाणत नसला तरी दफ्तरें जाणतात. परंतु परकीयांच्या माथीं सर्व दोष मारून आपण मोकळे होतां कामा नये. स्वराज्य आल्यावरहि पस्तीस वर्षें गेलीं.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं घागरीच्या तोंडावर पांढरें फडकें बांधून पाणी गाळून घेण्याची चाल होती व कोठें कोठें आजहि आहे. संन्याशानें पाणी वस्त्रानें गाळून प्यावें, असें मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत सांगितलेलें आहे. त्याचा हेतु पाण्यांतील जीवांची हिंसा टाळावी हा होता. गाळणाऱ्यानें जीव वांचविला तो कीटकाचा, आणि न कळत स्वतःचेंहि पाय वांचविले! ज्या घरांच्या मागील अंगणांत आड होता आणि ज्यांच्या घागरीवर फडकें होतें, त्यांस नारूचें भय कमी होतें. आणि तीं घरें बहुतांशीं कोणाचीं होतीं हें आम्हीं सांगण्याची आवश्यकता नाहीं. फडकें तर कोणाच्याहि घरीं असतें. परंतु ही चाल आपण सोंवळ्याची म्हणून जपली, आरोग्याची म्हणून शेजाऱ्यास सांगितली नाहीं. सांगणार कशी? ज्यांस आपण आडास शिवूं देत नव्हतों, त्यांस ‘पाणी असें गाळा’ म्हणून शिकविण्याइतकें त्यांच्या जवळ बसावयाचें कोणी? शास्त्र परळांत अडलें हें खरें. पण आपल्या ओसरीवरहि तें अडलें होतें.

शेवट

१९८३-८४ सालीं भारत सरकारनें नारू निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम हातीं घेतली. असा पूर्ण बंदोबस्त आरंभणारा हा जगांतील पहिला देश होय. १९८४ सालच्या शोधांत महाराष्ट्रासह ७ राज्यांतील ८९ जिल्ह्यांत, १२,८४० गांवांत, सुमारें ४० हजार रोगी आढळले. मग घरोघर जाऊन रोगी शोधणारे आरोग्यसेवक आले, हातपंप आले, बारीक जाळीचीं गाळणीं वांटलीं गेलीं, विहिरींत कीटक मारणारें टेमेफॉस हें औषध मापून घालण्यांत आलें, आणि पायविहिरींस कठडे बांधून त्यांचे आड करण्यांत आले. नवें असें यांत फारच थोडें होतें. तर्खडांच्या काळीं कळलेलीच गोष्ट प्रत्येक घरापर्यंत चालत जाऊन सांगितली गेली, इतकेंच. १९९६ च्या जुलैंत राजस्थानांत जोधपूर जिल्ह्यांत देशांतील शेवटचा रोगी नोंदला गेला, आणि फेब्रुवारी २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त झाल्याचा दाखला दिला. जगांत १९८६ सालीं वर्षास सुमारें ३५ लक्ष माणसांस नारू होत असे. २०२४ सालीं तो अवघ्या १५ जणांस झाला. देवीनंतर पृथ्वीवरून समूळ जाणारा माणसाचा दुसरा रोग हाच ठरण्याची चिन्हें आहेत, आणि तो जाईल तो लशीशिवाय व औषधाशिवाय.

संध्याकाळीं आम्ही पुन्हां बारवेवर गेलों. अशा बारवांतील गाळ उपसून, झुडपें तोडून त्या नीट ठेवण्याचें काम हल्लीं महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं तरुण मंडळी हौसेनें करीत आहेत. त्यांचें करावें तितकें कौतुक थोडेंच. बारव जपावी, तिची कारागिरी मुलांस दाखवावी. आणि दाखवितांना तिच्या पायरीवर बसून नारूचीहि गोष्ट त्यांस सांगावी.

घरीं परतल्यावर आम्हीं मातोश्रींस परळच्या डॉक्टरांची हकीकत सांगितली. त्यांनीं ती शांतपणें ऐकून घेतली आणि विचारलें, "कधीं कळलें म्हणालां त्यांना?"

"१९१४ सालीं."

त्यांनीं बोटांवर कांहीं हिशेब केला. मग म्हणाल्या, "म्हणजे आमचे काका तेव्हां जन्मलेसुद्धां नव्हते. कुणी येऊन एवढें सांगितलें असतें, तर काकूनें लुगड्याचा पदरच दुहेरी करून पाणी गाळलें असतें हो."

यावर आम्हांस बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. नारू गेला; परंतु ज्यांचा उपाय पुस्तकांत आहे आणि दारापर्यंत पोचलेला नाहीं, असे रोग अजून आहेत. आमच्या वाचकांपैकीं ज्यांस असें कांहीं ठाऊक असेल, त्यांनीं तें आपल्या घरापुरतें ठेवूं नये, एवढीच या लेखाच्या शेवटीं आमची विनंति आहे.